ज्याला अडवता येत नाही, त्याला हरवायचं कसं?

आजचा भाग फुटबॉलवर आहे. पण थांबा, मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही. अमेरिकेतला फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबुळका चेंडू आणि दर पाच-सहा सेकंदांनी थांबणारा खेळ. मोबाइलवर त्याचं रील आलं की आपण "काय चाललंय काय हे" म्हणतो आणि अंगठ्यानं वर सरकवतो, तोच.

आज सरकवू नका. कारण या खेळाच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, आणि तो फक्त खेळापुरता नाही. समोरच्या संघात एक असा माणूस आहे की ज्याला पूर्ण थांबवणं कुणालाच जमलेलं नाही. तुमच्याकडे तसा माणूस नाही. सामना तर खेळायचाय. मग करायचं काय?

या प्रश्नाची तीन गाजलेली उत्तरं आज बघू. १९९१, २००२ आणि २००८. तिन्ही अंतिम सामने, म्हणजे सुपर बोल. आणि तिन्ही गोष्टींत एक माणूस सारखा आहे. दोनदा त्यानं उत्तर शोधलं. तिसऱ्यांदा ते उत्तर त्याच्याच दारात येऊन उभं राहिलं.

आधी खेळ, दोन मिनिटांत

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीचे माझ्याबरोबर या.

अकरा विरुद्ध अकरा. मैदान शंभर यार्डांचं. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरा कमी. ज्याच्याकडे चेंडू, त्याला चार प्रयत्न मिळतात आणि त्या चारांत त्यानं किमान दहा यार्ड पुढे जायचं. गेला, तर पुन्हा नवे चार. नाही गेला, तर चेंडू समोरच्याकडे. असं करत करत टोकाला पोचलात की टचडाउन, सहा गुण, आणि वर लाथेनं चेंडू दोन खांबांमधून मारला की आणखी एक. टोकापर्यंत पोचणं जमत नसेल तर लांबूनच खांबांमधून मारायचा. तो फील्ड गोल, तीन गुण.

सामना साठ मिनिटांचा. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं, तर घड्याळ चालूच राहतं. पण फेकलेला पास कुणी झेललाच नाही, तर घड्याळ थांबतं. म्हणजे पळून खेळलात की वेळ खर्च होतो, पास सुटला की वेळ वाचतो.

आणि क्वार्टरबॅक? जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू आधी याच्या हातात येतो. त्याच्याकडे अडीच-तीन सेकंद असतात. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असतात आणि तेवढ्यात त्याला बघायचं असतं की आपले चार-पाच जण कुठे पळतायत, त्यातला कोण मोकळा होईल, आणि तो मोकळा होण्याच्या आधीच चेंडू तिथं टाकायचा असतो. क्रिकेटमध्ये समोर कितीही मोठा फलंदाज असू दे, एक चांगला चेंडू पडला की तो तंबूत. क्वार्टरबॅक बाद होत नाही. एक पास चुकला, तर पुढच्या प्रयत्नाला तोच पुन्हा उभा. म्हणून अव्वल दर्जाचा क्वार्टरबॅक ही फार मोठी डोकेदुखी असते.

पहिलं उत्तर: त्याला हवं ते द्या, फक्त त्याला आवडतं ते नको

२७ जानेवारी १९९१. फ्लोरिडातलं टँपा शहर. आखाती युद्ध सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झालेले. स्टेडियमभोवती कडक बंदोबस्त. एका बाजूला बफेलो बिल्स, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क जायंट्स.

बिल्सचा क्वार्टरबॅक जिम केली. त्यांच्या खेळाची खासियत अशी की ते दोन प्रयत्नांच्या मधे थांबायचेच नाहीत. बाकीचे संघ दर वेळी गोल करून, डोकी एकत्र आणून पुढचा डाव ठरवतात. बिल्स थेट रांगेत उभे राहायचे, आणि केली तिथल्या तिथं, समोरचा बचाव बघून डाव ठरवायचा. बचाव करणाऱ्यांना दम घ्यायला वेळ नाही, दमलेला खेळाडू बदलायलाही वेळ नाही. आदल्याच आठवड्यात उपांत्य सामन्यात बिल्सनी लॉस एंजेलिस रेडर्सना ५१–३ असं धुऊन काढलं होतं.

आणि जायंट्स? त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक फिल सिम्स डिसेंबरमध्ये जखमी झाला होता, तोही बिल्सविरुद्धच्याच सामन्यात. तो सामना जायंट्स १७–१३ असा हरलेही होते. आता त्याच्या जागी जेफ हॉस्टेटलर, वर्षानुवर्षं बाकावर बसलेला राखीव खेळाडू. तयारीला वेळ किती, तर एक आठवडा.

जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स. बचावाची जबाबदारी होती बिल बेलिचिक या ३८ वर्षांच्या माणसाकडे. हाच आपल्या आजच्या गोष्टीतला माणूस. व्यावसायिक फुटबॉल स्वतः कधी खेळलेला नाही. वडील अमेरिकी नौदल अकादमीच्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करायचे, त्यामुळे हा लहानपणापासून सामन्यांची फिल्म बघत मोठा झाला. कॉलेजात शिकला अर्थशास्त्र. हे लक्षात ठेवा, कारण त्यानं पुढं जे केलं ते अर्थशास्त्रच आहे: सगळं वाचवता येत नसेल, तर काय सोडायचं ते आधी ठरवा.

बेलिचिकनं आपल्या बचावपटूंना सांगितलं की त्यांचा धावपटू थर्मन थॉमस शंभर यार्ड पळाला, तर सामना आपण जिंकू.

आता तुम्ही कल्पना करा. समोर बसलेले कोण? लॉरेन्स टेलर, कार्ल बँक्स, पेपर जॉन्सन. धावणाऱ्याला उचलून आपटण्यात ज्यांची सगळी कारकीर्द गेली अशी माणसं. त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न. त्यांना हा म्हणतोय, पळू द्या त्याला! खोलीतल्या अनेकांना वाटलं, याचं डोकं फिरलंय.

पण हिशोब बघा. थॉमस पळाला तर एका प्रयत्नात पाच-सहा यार्ड जाईल, आणि घड्याळ चालू राहील. केलीनं पास टाकला तर एका झटक्यात तीस यार्ड जातील, कदाचित टचडाउनच. दोन्हींत कुठलं नुकसान परवडतं? म्हणून बेलिचिकनं पुढच्या रांगेतली दांडगी माणसं कमी केली आणि पास अडवणारी चपळ माणसं वाढवली. केली डाव स्वतः ठरवायचा ना? मग तो समोर बघणार, पुढं माणसं कमी दिसणार, आणि म्हणणार, पळवा चेंडू. थोडक्यात, केलीच्या हुशारीचाच वापर करून त्याच्या हातातला चेंडू काढून घ्यायचा. आणि तरीही एखादा छोटा पास झेलला गेलाच, तर झेलणाऱ्याला असं आपटायचं की पुढच्या वेळी हात पुढं करताना तो एकदा विचार करेल.

योजनेचा दुसरा अर्धा भाग जायंट्सच्या आक्रमणाकडे होता. चेंडू आपल्याकडे ठेवा. सावकाश खेळा. केली मैदानाबाहेर बाकावर बसला असेल तोवर तो काहीही करू शकत नाही! तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला जायंट्सनी चेंडू घेतला आणि तब्बल १४ प्रयत्न, ७५ यार्ड, ९ मिनिटं २९ सेकंद तो सोडलाच नाही. पंधरा मिनिटांच्या सत्रातली साडेनऊ मिनिटं! शेवटी ३४ वर्षांच्या ऑटिस अँडरसननं टचडाउन केला. पूर्ण सामन्यात जायंट्सकडे चेंडू ४० मिनिटं ३३ सेकंद होता. बिल्सकडे १९ मिनिटं २७ सेकंद.

आणि थर्मन थॉमस किती पळाला माहितेय? १३५ यार्ड. म्हणजे बेलिचिकनं जेवढी परवानगी दिली होती त्याहून जास्तच. त्यात ३१ यार्डांचा एक टचडाउनही होता. पण त्याला चेंडू मिळाला फक्त १५ वेळा.

शेवटी जायंट्स २०, बिल्स १९. घड्याळात आठ सेकंद. बिल्सचा स्कॉट नॉरवुड ४७ यार्डांवरून फील्ड गोल मारायला उभा राहिला. चेंडू उंच गेला, लांबही गेला, पण उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. संपलं.

बेलिचिकची त्या सामन्याची योजना आज ओहायोतल्या कँटन इथल्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जपून ठेवली आहे. बॅट, बूट, जर्सी जपलेली आपण ऐकतो. इथं जपलाय तो कागदावरचा विचार.

दुसरं उत्तर: राजाला सोडा, वजिराला धरा

अकरा वर्षं पुढे जाऊ. ३ फेब्रुवारी २००२, न्यू ऑर्लिन्स. बेलिचिक आता न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक. समोर सेंट लुईस रॅम्स.

रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. याची गोष्ट सिनेमासारखीच आहे, आणि त्याच्यावर सिनेमा निघालाही. एके काळी किराणा दुकानात रात्रपाळीत फळ्यांवर माल लावणारा हा माणूस १९९९ आणि २००१ अशा दोन हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॅम्सनी सलग तीन हंगामांत पाचशेच्या वर गुण केले होते. पेट्रियट्स जिंकतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. सट्टेबाजारात रॅम्स १४ गुणांनी पुढं धरले होते.

शिवाय नोव्हेंबरमध्ये हे दोघे एकदा भिडले होते आणि रॅम्स २४–१७ जिंकले होते. त्या दिवशी पेट्रियट्सनी वॉर्नरवर सारखी जादा माणसं सोडली होती. याला ब्लिट्झ म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण त्यात एक फट असते. जितकी माणसं तुम्ही क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडता, तितकी मागे कमी उरतात. साध्या क्वार्टरबॅकची घाबरगुंडी उडते. वॉर्नरसारखा शांतपणे ती मोकळी जागा शोधतो.

तर आता १९९१ ची युक्ती पुन्हा वापरायची का? फॉकला पळू द्यायचं? मार्शल फॉक हा रॅम्सचा धावपटू. इथंच बेलिचिक वेगळा वाटतो. त्यानं फिल्म पुन्हा पुन्हा बघितली आणि ठरवलं की रॅम्सच्या सगळ्या यंत्राचा खिळा वॉर्नर नाही, फॉक आहे. तो पळायचा, पास झेलायचा, अंगावर येणाऱ्यांना अडवायचाही. सगळ्या बचावाची नजर त्याच्याकडे गेली की बाकीचे मोकळे व्हायचे. म्हणून आदेश निघाला: फॉक कुठे आहे ते प्रत्येक वेळी बघा. त्याच्याकडे चेंडू असो नसो, त्याला धक्का द्या. सरावातही तेच, "कुठाय तो? कुठाय तो?" असा घोष.

बाकीच्यांचं काय? पास झेलणाऱ्यांनाही सुरुवातीलाच ढकलायचं, म्हणजे त्यांची वेळ चुकेल. रॅम्सचा खेळ सगळा वेळेवर बेतलेला. वॉर्नर जिथं माणूस *असणार आहे* तिथं चेंडू टाकायचा. माणूस अर्धा सेकंद उशिरा पोचला की चेंडू अनाथ. आणि ब्लिट्झ? या वेळी क्वचितच. पाच, सहा, कधी सात बचावपटू मागे ठेवले.

गंमत अशी की आकडे बघितले तर हा सामना रॅम्सनी जिंकलेला वाटतो. चेंडू जास्त वेळ त्यांच्याकडे. एकूण ४२७ यार्ड त्यांचे, पेट्रियट्सचे फक्त २६७. वॉर्नरचे एकट्याचे ३६५. पण रॅम्सनी तीनदा चेंडू घालवला, पेट्रियट्सनी एकदाही नाही. त्यातला एक पास टाय लॉनं मधेच हिसकावला आणि ४७ यार्ड पळत जाऊन थेट टचडाउन केला. पेट्रियट्सच्या एकूण वीस गुणांपैकी सतरा या तीन चुकांमधून आले.

आणि अजून एक. पेट्रियट्सनी पुढची माणसं कमी ठेवली होती, म्हणजे फॉकला पळवायला जागा होती. पण रॅम्सचे प्रशिक्षक माइक मार्ट्झ पास टाकतच राहिले. फॉकच्या हाती धावण्यासाठी चेंडू आला फक्त १७ वेळा. ज्या गोष्टीनं आपण इथवर आलो ती सोडवत नाही, हो ना? समोरच्याच्या या सवयीवरसुद्धा योजना आखता येते.

सतरा–सतरा बरोबरी. दीड मिनिटाच्या आत वेळ उरलेला. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक २४ वर्षांचा एक पोरगा, २००० सालच्या निवडीत १९९व्या क्रमांकावर घेतलेला. समालोचक जॉन मॅडन म्हणत होते की आता धोका न घेता सामना जादा वेळेत न्यावा. या पोरानं ऐकलं नाही. छोटे छोटे पास टाकत संघाला पुढं नेलं, आणि शेवटच्या सेकंदाला ॲडम विनाटिएरीनं ४८ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. २०–१७.

त्या पोराचं नाव टॉम ब्रेडी.

तिसरं उत्तर: त्याचे पाय हलवा

आता गोष्ट फिरते. सहा वर्षं पुढे. तारीख तीच, ३ फेब्रुवारी. साल २००८. ॲरिझोनातलं ग्लेंडेल.

आता अजिंक्य क्वार्टरबॅक बेलिचिककडेच आहे. ब्रेडीनं त्या हंगामात ५० टचडाउन पास टाकले होते, त्यातले २३ एकट्या रँडी मॉसनं झेललेले. दोन्ही विक्रम. संघाचे गुण ५८९, तोही त्या वेळचा विक्रम. सामने खेळले १८, जिंकले १८. हा एक जिंकला की १९–०. आजवर कुणी केलेलं नाही.

आणि समोर कोण? न्यूयॉर्क जायंट्स. त्यांचे मुख्य प्रशिक्षक टॉम कॉफलिन. आता ऐका. १९९१ साली पार्सेल्सच्या हाताखाली बेलिचिक बचाव बघत होता ना, तेव्हा त्याच संघात पास झेलणाऱ्यांना शिकवत होता हाच कॉफलिन. एका गुरूचे दोघे चेले.

या दोन संघांची गाठ पाच आठवड्यांपूर्वीच पडली होती. २९ डिसेंबर २००७. जायंट्सची पुढच्या फेरीतली जागा आधीच पक्की होती. सामना हरला काय, जिंकला काय, काही फरक पडणार नव्हता. मोठ्या खेळाडूंना विश्रांती देता आली असती. कॉफलिननं दिली नाही. जायंट्स तिसऱ्या सत्रात २८–१६ असे पुढं होते, आणि शेवटी ३८–३५ हरले. पण ड्रेसिंग रूममध्ये जाताना त्यांना एक गोष्ट कळली होती: हे लोकही माणसंच आहेत.

जायंट्सच्या बचावाचे प्रमुख होते स्टीव्ह स्पॅग्न्युओलो, या पदावर पहिलंच वर्ष. त्यांच्यापुढचा पेच असा. ब्लिट्झ करावी, तर ब्रेडी मोकळी जागा शोधणार. न करावी, तर त्याला निवांत वेळ मिळणार. यातून सुटायचा एकच मार्ग: फक्त चार माणसं सोडायची, पण ती चार अशी की त्यांनीच पाच जणांची भिंत फोडली पाहिजे. बाकी सात मागे.

यासाठी माणसं लागतात, आणि ती जायंट्सकडे होती. मायकल स्ट्रेहान, ओसी उमेन्योरा, जस्टिन टक. साधारणपणे असे वेगवान खेळाडू कडेनं हल्ला करतात. मधल्या जागी जाड, जड माणसं असतात. जायंट्सनी टकसारख्या चपळ माणसाला मधे आणलं. का? कडेनं आलेल्या माणसापासून क्वार्टरबॅक पुढे सरकून वाचू शकतो. पण मधूनच कुणी तोंडावर आलं, तर पुढं पाऊल टाकायला जागाच नाही. आणि ब्रेडीसारख्या क्वार्टरबॅकची सगळी ताकद त्या पुढच्या पावलात असते. पाय रोवले की चेंडू अचूक जातो. पाय हलले की हातही हलतो.

ब्रेडीला त्या रात्री पाच वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं. त्याखेरीज पास टाकता टाकता बसलेले तडाखे वेगळेच. सरासरी सदतीसच्या आसपास गुण करणारा संघ १४ वर अडकला, हंगामातले त्यांचे सर्वात कमी.

आणि जायंट्सनी चेंडू पहिल्यांदा हाती आल्यावर काय केलं असेल? १६ प्रयत्न. ९ मिनिटं ५९ सेकंद. सुपर बोलच्या इतिहासातली सर्वात लांबलेली चढाई. हाती लागले फक्त तीन गुण, पण पहिल्या सत्राचा दोन-तृतीयांश वेळ ब्रेडी बाकावर. सतरा वर्षांपूर्वीच्या टँपामधल्या त्या साडेनऊ मिनिटांची आठवण बेलिचिकला झाली असेल का? सांगता येत नाही. तो चेहऱ्यावर काही दाखवणारा माणूस नाही.

शेवट तुम्हाला यूट्यूबवर सापडेल, नक्की बघा. पेट्रियट्स १४–१० पुढं. सव्वा मिनिट उरलंय. जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग याची जर्सी दोघांनी धरलेली, तो कसाबसा सुटतो, चेंडू उंच फेकतो, आणि डेव्हिड टायरी नावाचा खेळाडू तो उडी मारून एका हातानं स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरतो. पडतानाही सोडत नाही. ३२ यार्ड. थोड्याच वेळात मॅनिंगचा पास कोपऱ्यात मोकळ्या असलेल्या प्लॅक्सिको बर्रेसकडे. ३५ सेकंद बाकी. १७–१४. पेट्रियट्सचा हिशोब १८–१ वर संपला.

मग आपण काय घ्यायचं यातून?

तिन्ही सामने एकत्र ठेवले की मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. तिन्ही वेळा जिंकणारा संघ त्याच हंगामात त्याच प्रतिस्पर्ध्याकडून आधी हरला होता. १७–१३, २४–१७, ३८–३५. तो पराभव त्यांनी नुसता गिळला नाही, त्याची फिल्म बघितली. २००२ ला तर बेलिचिकनं स्वतःचीच नोव्हेंबरमधली योजना जवळजवळ उलटी केली.

दुसरी. तिन्ही उत्तरं वेगळी आहेत. एकदा धावणाऱ्याला सोडला, एकदा धावणाऱ्यालाच धरला. एकदा चेंडू चाळीस मिनिटं ठेवला, एकदा समोरच्याला ठेवू दिला. "अव्वल क्वार्टरबॅकला हरवायची युक्ती" म्हणून एकच पाठ करण्यासारखं काही नाही. सारखं आहे ते एवढंच, की प्रत्येक वेळी कुणीतरी आधी बसून ठरवलं, आपण काय गमवायला तयार आहोत. १३५ यार्ड. ३६५ यार्ड. हे आकडे योजनेतली चूक नव्हते, ती योजनेची किंमत होती. आणि ती किंमत मोजायला टेलर-बँक्ससारख्यांना तयार करणं, हे फळ्यावर आकृत्या काढण्यापेक्षा अवघड काम.

तिसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. या तीन सामन्यांतले फरक किती? एक गुण, तीन गुण, तीन गुण. १९९१ ला नॉरवुड ४७ यार्डांवरून चुकला. २००२ ला विनाटिएरी ४८ यार्डांवरून चुकला नाही. २००८ ला टायरीच्या झेलाच्या आदल्याच प्रयत्नात पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या हातांना लागून चेंडू निसटला होता. तो पकडला असता, तर सामना तिथंच संपत होता. नॉरवुडचा चेंडू थोडा डावीकडे गेला असता, तर आज कँटनमध्ये तो कागद नसता. उलट लोक म्हणाले असते, "थॉमसला पळू द्या म्हणणारा हा कोण शहाणा?" कागद तोच, अक्षर तेच.

म्हणजे योजना निरुपयोगी का? अजिबात नाही. योजनेनं सामना जिंकत नाही. योजनेनं एवढंच होतं, की जो सामना तुम्ही वीस गुणांनी हरणार होता, तो शेवटच्या चेंडूपर्यंत जातो. तिथून पुढं नशिबाला तुमच्या बाजूनं पडायची एक संधी मिळते. दुबळ्याला याहून जास्त काय हवं असतं?

आणि नॉरवुडचं काय झालं, हेही सांगतो. संघ बफेलोला परतला तेव्हा हजारो लोक शहरातल्या चौकात जमले होते. त्यांनी नॉरवुडच्या नावाचा पुकारा सुरू केला. शिव्या द्यायला नाही, त्याला पुढं बोलावून धीर द्यायला. हरलेल्या गावानं असं करणं, हे मला त्या सामन्याइतकंच लक्षात राहतं.

जाता जाता

ही गोष्ट २००८ ला थांबली नाही. ९ फेब्रुवारी २०२५, पुन्हा न्यू ऑर्लिन्स. या पिढीचा अडवता न येणारा क्वार्टरबॅक, कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक माहोम्स. समोर फिलाडेल्फिया ईगल्स, जे दोन वर्षांपूर्वीच्या सुपर बोलमध्ये याच माहोम्सकडून हरले होते. स्कोअर काय होता? ३८–३५. योगायोग बघा!

या वेळी ईगल्सनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केली नाही. एकदाही नाही. चार माणसं पुढे, सात मागे. माहोम्स सहा वेळा जमिनीवर. मध्यंतराला २४–०, शेवटी ४०–२२.

आणि त्या रात्री हरणाऱ्या चीफ्सच्या बाजूला, बचावाचे प्रमुख म्हणून कोण उभं होतं? स्टीव्ह स्पॅग्न्युओलो. सतरा वर्षांपूर्वी ब्रेडीसाठी ज्यांनी हेच कोडं सोडवलं होतं, ते.

तर मंडळी, आज इथंच थांबू. २००८ च्या सामन्यातला टायरीचा तो झेल बघितलात की मला नक्की कळवा, आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी "हा कसला फुटबॉल" म्हणत असेल, तर त्याला हा भाग पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!